विस्मरणात गेलेले फायटर आणि त्यांचं पुनरागमन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फारसं माहीत नसलेलं कॅरेक्टर म्हणजे नेमकं कोण?

र्‍यू, स्कॉर्पियन, काझुया ही नावं फायटिंग गेम न खेळणाऱ्यांनाही माहीत असतात. ते या पानावर नाहीत. इथे एकदा-दोनदा आलेल्यांबद्दल बोलायचं आहे. थोड्याच खेळाडूंच्या हाताला ते बसले, त्यांनी यांना वर्षानुवर्षं जपलं, आणि पुढचा भाग आला तेव्हा कॅरेक्टर निवडायच्या पडद्यावर त्यांची जागा रिकामी होती. ज्याचं मेन कॅरेक्टर, म्हणजे नेहमी हाती घ्यायचं कॅरेक्टर, असं गेलं आहे, त्याला हे दुःख समजावून सांगावं लागत नाही.

कोण परत यायला हवं, हे कसं ठरवायचं?

मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: हे कॅरेक्टर नसल्यामुळे माझ्या हातांना आज काय करता येत नाही?

पोशाख, आवाज, संगीत, गोष्ट यांचं मोल मी कमी मानत नाही. पण पोशाख दुसऱ्यावर चढवता येतो, आणि गोष्ट सिनेमॅटिकमध्ये सांगता येते. खेळण्याची तऱ्हा मात्र त्या कॅरेक्टरबरोबरच जाते. स्ट्रीट फायटर ३: थर्ड स्ट्राइक या गेममधल्या रेमीचं उदाहरण घ्या. लांब निळे केस, उदास चेहरा, देखणा माणूस. त्याचा खेळ मात्र बटण दाबायच्या आधी दिशा धरून ठेवण्याचा आणि वरून-खालून प्रोजेक्टाइल (लांबून फेकायचा मारा) सोडण्याचा आहे. ती भूक त्याच मालिकेतला गाइल बऱ्यापैकी भागवतो. त्याच गेममधला ट्वेल्व्ह मात्र एका सुपरने (पट्टी भरल्यावर वापरता येणाऱ्या खास मूव्हने) समोरच्या कॅरेक्टरचंच रूप घेतो आणि थोडा वेळ त्याच्याच मूव्हनी त्याला मारतो. ट्वेल्व्ह गेला तेव्हा ती जागा कोणीच भरली नाही. म्हणून रेमी मला आवडत असला, तरी माझ्या यादीत ट्वेल्व्ह त्याच्या वर आहे.

मग यादीत पहिलं नाव कोणाचं?

क्यूचं. यावर मला विचार करावा लागत नाही.

क्यू १९९९ च्या स्ट्रीट फायटर ३: थर्ड स्ट्राइकमध्ये आला. तपकिरी लांब कोट, डोक्यावर हॅट, चेहऱ्यावर धातूचा मुखवटा. तो माणूस आहे की यंत्र, हे गेम उलगडून सांगतच नाही. चालतो जड, उडी जड, अंगाने मोठा असल्यामुळे लागतोही पटकन. टिअर लिस्टमध्ये, म्हणजे ताकदीनुसार लावलेल्या यादीत, तो कायम खालच्या बाजूला. कागदावर बघितलं तर कोणी हात लावू नये असं कॅरेक्टर.

पण त्याचा टॉण्ट बघा. एरवी टॉण्ट म्हणजे समोरच्याला डिवचणं. क्यूने टॉण्ट केला की त्याला मार कमी लागायला लागतो. हे तीनदा करता येतं आणि परिणाम त्या फेरीभर टिकतो. एवढ्या एका गोष्टीने त्याचा सगळा खेळ उलटापालटा होतो. समोरच्याला पाडलं की इतर कॅरेक्टर घेऊन खेळणारा धावत जाऊन दबाव टाकतो. क्यूवाल्याला मात्र दर वेळी ठरवावं लागतं: आत्ता मारू, की टॉण्ट करून पुढच्या ३० सेकंदांची तयारी करू?

ऑनलाइन पहिल्यांदा एका मुरलेल्या क्यूशी गाठ पडली तेव्हा मी केन घेतला होता. त्याने मला पाडलं आणि जवळ येण्याऐवजी तिथेच उभं राहून टॉण्ट केला. मला वाटलं, माज करतोय. दुसऱ्यांदा पाडलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही. मग मला संधी मिळाली, ठरलेला कॉम्बो (लागोपाठ जोडलेले वार) मारला, शेवटी सुपर घातला. या कॉम्बोने तिथे फेरी संपायची, हे माझ्या हातांना पाठ होतं, म्हणून मी स्टिक सोडूनही दिली होती. क्यू उठला. त्याच्या पट्टीत नखभर पिवळा रंग शिल्लक होता. तेवढ्यावर त्याने मला पकडलं आणि संपवलं. त्या क्षणी कळलं की मी तीन वेळा त्याला फुकट चिलखत चढवू दिलं होतं.

असा सौदा करायला लावणारं दुसरं कॅरेक्टर मला सापडलेलं नाही. स्ट्रीट फायटर ५ मध्ये जी आला तेव्हा चाहत्यांनी त्याचं आणि क्यूचं नातं शोधायला सुरुवात केली, आणि तसे धागे आहेतही. पण जी बडबड्या, भपकेबाज, स्वतःला जगाचा अध्यक्ष म्हणवणारा. क्यू तोंडातून शब्द काढत नाही.

हाकानचं नाव सारखं का घेता? तो तर गमतीसाठी होता ना?

हा गैरसमज मला मनापासून खटकतो.

हाकान २०१० च्या सुपर स्ट्रीट फायटर ४ मध्ये आला. तुर्कस्तानचा तेल-कुस्तीगीर. अंगाला तेल लावून खेळायची कुस्ती तिथे शतकानुशतकं चालत आलेली आहे, कर्कपिनारच्या स्पर्धा प्रसिद्ध आहेत. गेममध्ये त्याला लाल अंग आणि निळ्या केसांचा विचित्र साज दिला, आणि लोकांनी तेवढंच बघितलं.

खेळायला घेतल्यावर मात्र वेगळंच चित्र दिसतं. अंगावर तेल नसताना हाकान साधारण दर्जाचा ग्रॅपलर, म्हणजे जवळ जाऊन पकडणारा. तेल ओतून घेतलं की तोच हाकान पार बदलतो: घसरत पुढे जातो, लांबून पकडतो, हातातून निसटतो. आणि हे तेल ठरावीक वेळाने उतरतं. म्हणजे ग्रॅपलरचं नेहमीचं जवळ जाण्याचं कोडं आहेच, त्यावर घड्याळाचं कोडं. तेल ओतायला सवड हवी, सवड मिळायला समोरच्याला पाडायला हवं, पाडायला तेल असेल तर बरं. या चक्रात शिरायची वाट प्रत्येक मॅचअपमध्ये (दोन कॅरेक्टरच्या गाठीत) वेगळी असते. ट्रेनिंग मोडमध्ये त्याच्या अंगावरची चमक कधी जाते हे न बघता ओळखता यायला मला काही आठवडे लागले.

अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४ नंतर, म्हणजे २०१४ नंतर, तो खेळायला मिळालेला नाही. आजच्या ग्राफिक्समध्ये अंगावरचं तेल कसं दिसेल, ओघळेल, उतरताना कसं कळेल, याची कल्पना करून बघा. त्याच्या खेळातली सगळी माहिती त्याच्या त्वचेवरच वाचता येईल. हा जर परत येणार असेल, तर याच काळात यावा.

स्ट्रीट फायटरबाहेरही काही आहे की नाही?

आहे की. गिल्टी गियरचा झाप्पा.

हा २००२ च्या गिल्टी गियर एक्सएक्समधला. याला भुतं झपाटतात, आणि कोणत्या वेळी कोणतं भूत अंगात येईल हे खेळणाऱ्याच्या हातात नसतं. कधी कुत्रा येतो, तो झाप्पापासून सुटा होऊन स्वतंत्रपणे हल्ला करतो. कधी तलवार येते. कधी तीन छोटी भुतं येतात, ती चिकटली की समोरच्यावर शाप बसतो आणि भलत्याच वस्तू येऊन आदळायला लागतात. आणि पुरेशी भुतं गोळा झाली की राओ नावाचा जबरदस्त आत्मा अंगात संचारतो, तेव्हा काही क्षण झाप्पा गेममधल्या कोणालाही भारी पडतो. झाप्पा बिचारा स्वतः घाबरट. पाठ उलटी वाकवून चालणारं ते शरीर त्याचं आहे, पण चालवणारं दुसरंच कोणीतरी.

एका कॅरेक्टरमध्ये चार कॅरेक्टर, आणि त्यातलं कोणतं वाट्याला येईल ते आधी माहीत नाही. कुत्रा आला तर समोरच्याला कोपऱ्यात दोन बाजूंनी कोंडायचं. तलवार आली तर अंतर राखून खेळायचं. दर वेळी बेत नव्याने आखायचा. जिंकायला शिस्त लागते, आणि झाप्पा त्या शिस्तीचाच कस बघतो.

अडचण उघड आहे: याला बनवायला चार जणांचं काम लागेल. ती मी मान्य करते. पण याच मालिकेने २००२ मध्ये पहिल्यांदा आलेल्या ब्रिजेटला २०२२ मध्ये गिल्टी गियर स्ट्राइव्हमध्ये परत आणलं, आणि ए.बी.ए. ही किल्लीच्या आकाराच्या कुऱ्हाडीला नवरा मानणारी बाई २०२४ मध्ये आणली. त्यांना विचित्र कॅरेक्टरची भीती नाही, हे त्यांनी दाखवून दिलं आहे.

एक कॅरेक्टर परत आणायला एवढं काय लागतं?

पैसा आणि माणसं. स्कलगर्ल्सच्या टीमने २०१३ मध्ये वर्गणी मागितली तेव्हा हिशेब उघड मांडला होता, म्हणून ते उदाहरण देता येतं. स्क्विग्ली या एका कॅरेक्टरसाठी त्यांनी १,५०,००० डॉलर मागितले. त्यातले ४८,००० डॉलर ८ जणांच्या १० आठवड्यांच्या पगारासाठी. शिवाय ॲनिमेशनची बाहेर दिलेली कामं, आवाज, हिटबॉक्स (वार कुठे लागतो ती चौकट) आखणं, टेस्टिंग, कन्सोल कंपन्यांची मंजुरी. आणि हा एका छोट्या टीमचा, हाताने काढलेल्या २डी गेमचा हिशेब होता.

लोकांनी ८ लाख डॉलरहून जास्त दिले आणि एकाऐवजी पाच कॅरेक्टर झाली.

त्यामुळे "नुसतं जुनं मॉडेल टाका ना" असं कोणी म्हणालं की मी हा हिशेब पुढे करते. जुन्या स्प्राइटमधलं (२डी चित्रांमधलं) काहीच नव्या ३डी गेममध्ये जसंच्या तसं येत नाही. शिवाय रोस्टरमध्ये, म्हणजे गेममधल्या कॅरेक्टरच्या यादीत, एक नवा आला की आधीच्या प्रत्येकाशी त्याचा मॅचअप तपासावा लागतो.

काही जण कायद्याच्या कचाट्यात अडकलेत, हे खरं का?

काही जण, हो. सगळ्यात गाजलेलं प्रकरण के९९९९ चं. द किंग ऑफ फायटर्स २००१ मधला हा पोरगा अकिरा या जपानी ॲनिमे चित्रपटातल्या टेट्सुओशी इतका जुळणारा होता की पुढे गेम बनवणाऱ्या एसएनके कंपनीने त्याला बाजूलाच ठेवलं. २००२ च्या गेमची अनलिमिटेड मॅच आवृत्ती आली तेव्हा त्याच्या जागी नेमलेस नावाचं दुसरं कॅरेक्टर दिलं. मग २०२२ मध्ये द किंग ऑफ फायटर्स १५ मध्ये क्रोनेन आला: नवं नाव, नवा चेहरा, हात बदलून हल्ला करायची रीत ओळखीची. मूळ खेळाडूंनी त्याला पहिल्याच ट्रेलरमध्ये ओळखलं. अडकलेल्या कॅरेक्टरला सोडवायचा हा मार्ग मला पटतो, कारण जे जपायला हवं होतं तेच जपलं गेलं.

स्कलोमेनियाची गोष्ट याच्या उलटी. स्ट्रीट फायटर ईएक्सचं नाव कॅपकॉम कंपनीचं, पण त्यात अरिका या दुसऱ्या कंपनीने घडवलेली कॅरेक्टर अरिकाचीच राहिली. म्हणून तो मूळ मालिकेत दिसत नाही. सांगाड्याचा पोशाख घातलेला हा एक साधा नोकरदार. कामाचा भाग म्हणून वीराचा वेश चढवावा लागतो आणि त्यातच तो स्वतःला सापडतो. २०१७ च्या १ एप्रिलला अरिकाने एक व्हिडिओ टाकला, सगळ्यांना ती एप्रिल फूलची गंमत वाटली. लोकांनी इतकं उचलून धरलं की २०१८ मध्ये फायटिंग ईएक्स लेअर हा खराखुरा गेम निघाला, आणि त्यात स्कलोमेनिया होता.

रुबी हार्ट आणि अमिंगो यांना मात्र असं काही कारण नाही. मार्वल व्हर्सेस कॅपकॉम २ मधल्या ५६ जणांत ही कॅपकॉमची स्वतःची नवी कॅरेक्टर होती. समुद्री चाचीण आणि नाचरा निवडुंग. त्यानंतर दोघांना नव्या लढतीत उतरवलंच नाही.

ज्या मालिकाच बंद पडल्या, त्यांतल्या लोकांचं काय?

ब्लडी रोर बघा. माणसं लढता लढता जनावरांत बदलायची. शेवटचा भाग २००३ चा. प्रकाशक हडसन सॉफ्ट २०१२ मध्ये कोनामीत विलीन झाली आणि मालिका तिथेच थांबली. त्यातला बुसुझिमा, सरडा होणारा वेडसर शास्त्रज्ञ, मला अजून आठवतो. लांडगा, वाघ, सिंह कोणीही सुचवेल. रंग बदलणारा सरडा सुचायला डोकं लागतं.

शिष्य किंवा मुलगी आली असेल तर मूळ कॅरेक्टर कशाला हवं?

कधी कधी खरंच नको असतं. टेक्कन ७ मध्ये २०२० साली आलेली कुनिमित्सू ही पहिल्या टेक्कनमधल्या कुनिमित्सूची मुलगी. आईची सुरी, कोलांट्या, फसवे पवित्रे तिने घेतले आणि त्यात वेग घातला. मला ती आवडते, तक्रार नाही.

सोलकॅलिबरमध्ये मात्र गोष्ट दुखरी आहे. दुसऱ्या भागात ह्वांग नव्हता, त्याची शैली यूनसंग नावाच्या तरुणाला दिली होती. ज्यांनी ह्वांगवर घाम गाळला होता, त्यांना दिसत होतं की हात तेच आहेत पण माणूस वेगळा आहे. ह्वांग पुढे परत आला, अगदी सहाव्या भागातही २०२० मध्ये डीएलसी (गेममध्ये नंतर वेगळी मिळणारी भर) म्हणून आला. त्याच वर्षी, त्याच भागात सेत्सुकाही आली. छत्रीत तलवार लपवणारी ही बाई, तिच्या मूव्हचं टायमिंग इतकं काटेकोर की एका फ्रेमने चुकलात तर वेगळाच वार निघतो. तिची जागा दुसऱ्या कोणी घेणं मला पटलं नसतं.

मॉर्टल कॉम्बॅटच्या ३डी काळातली कॅरेक्टर खरोखर परत यायला हवी होती का?

२०२३ पर्यंत हा प्रश्न कोणी विचारला असता तर मी अडखळले असते. डेडली अलायन्स (२००२), डिसेप्शन (२००४) आणि आर्मागेडन (२००६) यांनी एवढी माणसं आणली की आर्मागेडनमध्ये संख्या ६० च्या पुढे गेली. इतक्या जणांना स्वतःची ओळख देणं शक्यच नव्हतं. फेटॅलिटी, म्हणजे जिंकल्यावरचा शेवटचा जीवघेणा वार, तोसुद्धा प्रत्येकाला वेगळा दिला नाही, सगळ्यांसाठी एकच जोडणी-पद्धत ठेवली. तिथेच या पिढीचं नाव बदनाम झालं.

मग २०२३ चा मॉर्टल कॉम्बॅट १ आला, आणि त्यात ली मेई, निटारा, हॅविक, अश्रा, रेको हे पाचही जण मुख्य रोस्टरमध्ये होते. पाहुणे म्हणून नाही, डीएलसी म्हणून नाही. जग नव्याने मांडल्यामुळे त्यांचा जुना इतिहास ओढत न्यावा लागला नाही. अश्राचं उदाहरण मला फार आवडतं. नरकातून सुटून स्वतःला शुद्ध करू पाहणारी ही राक्षसीण, आणि नव्या गेममध्ये ही ओढाताण तिच्या मूव्हमध्येच उतरली: उजेडाची ताकद आणि अंधाराची ताकद, दोन्ही तिच्याच हातात. हॅविक अराजकाचा पुजारी, म्हणून तो स्वतःचाच हात उपटून त्याने मारतो. जुन्या गेममध्ये जे वर्णनाच्या दोन ओळींत होतं, ते इथे बटणावर आलं.

म्हणून माझं म्हणणं असं की त्या काळातला ड्राहमिनही एकदा हातात घेऊन बघावा. एका हाताच्या जागी लोखंडी सोटा असलेला सडका राक्षस. दोन्ही बाजूंची ताकद सारखी नसलेलं शरीर, यावरच एक पूर्ण शैली उभी राहू शकते.

परत आणताना सगळ्यात मोठी चूक कोणती होते?

कोपरे घासून गुळगुळीत करणं. एखाद्याचा वेडेपणा नव्या गेमच्या व्यवस्थेत बसत नाही म्हणून काढून टाकायचा, आणि मग चेहरा तेवढा जुना.

बरोबर कसं करायचं हे ओरोमध्ये बघा. स्ट्रीट फायटर ३ मधला हा म्हातारा साधू इतका बलवान की तो मुद्दाम एकाच हाताने लढतो. १९९७ मध्ये दुसरा हात कपड्याखाली बांधलेला होता, आणि कित्येकांना वाटायचं त्याला तो हातच नाही. २०२१ मध्ये तो स्ट्रीट फायटर ५ मध्ये आला तेव्हा त्या हातावर एक कासव बसवलं होतं. लढताना तो कासवाला सांभाळतो. एका नजरेत कळतं: हात आहे, पण वापरणार नाही. गोष्ट तीच, आणि आता आधीपेक्षा स्पष्ट.

काही कॅरेक्टर तांत्रिक कारणाने गेली असं म्हणतात ते कोण?

व्हर्चुआ फायटरचा सुमो पैलवान, टाका-अराशी. १९९६ च्या तिसऱ्या भागात आला, चौथ्यात नव्हता, आणि २००८ मध्ये व्हर्चुआ फायटर ५ आर मध्ये परत आला. कारण त्याचं आकारमान. इतरांना हवेत उडवणारे कॉम्बो त्याच्या वजनावर चालत नाहीत, म्हणजे बाकी प्रत्येकासाठी त्याच्याविरुद्धचा वेगळा हिशेब मांडावा लागतो. मला हे त्याच्या बाजूने बोलणारं कारण वाटतं. समोर तो आला की पाठ केलेलं सगळं बाजूला ठेवून खेळावं लागतं.

डार्कस्टॉकर्समधून एखाददुसरं उचललं तर?

मॉरिगनला उचलतातच. ती आणि फेलिशिया कुठेही दिसतात. माझं मन अनाकारिसकडे ओढलं जातं. प्राचीन राजाची ममी, पडद्याचा मोठा भाग व्यापणारी, हवेत तरंगणारी, वरून शवपेट्या पाडणारी. समोरच्याने फेकलेलं प्रोजेक्टाइल तो गिळून ठेवतो आणि सोयीने परत सोडतो. झोनरशी, म्हणजे लांबून मारा करणाऱ्याशी, गाठ पडली की तुमच्याकडे त्याचंच हत्यार जमा होतं.

पण डार्कस्टॉकर्सचं जग वेगळं ताणलेलं, वेगळं वाकलेलं आहे. मार लागल्यावर शरीरं रबरासारखी बदलतात. एकट्या अनाकारिसला मोजूनमापून घडवलेल्या वास्तववादी गेममध्ये उभं केलं तर तो नुसता अवजड दिसेल. इथे मला एक कॅरेक्टर नको, पूर्ण मालिका हवी आहे. शेवटचा नवा भाग, व्हँपायर सेव्हियर, १९९७ चा.

रायव्हल स्कूल्सचं काय? अकिरा आली की.

आली, २०२१ मध्ये, स्ट्रीट फायटर ५ मध्ये, मोटारसायकलवाली अकिरा कझामा. आणि मदतीला भाऊ दाइगोही. मी तो ट्रेलर लागोपाठ किती वेळा पाहिला ते मोजलं नाही.

पण रायव्हल स्कूल्सचा प्राण जोडीत होता. १९९७ चा पहिला गेम दोघांच्या टीमचा, २००० चा प्रोजेक्ट जस्टिस तिघांचा. जोडीदार धावत यायचा आणि दोघं मिळून एक हल्ला करायचे. बेसबॉलवाला शोमा, व्हॉलीबॉलवाली नात्सू, फुटबॉलवाला रॉबर्टो: प्रत्येकाचा खेळ हेच त्याचं हत्यार. शाळेची नर्स क्योको तर जोडीदाराच्या मदतीला आली की त्याची हाडं कडाकडा मोडून त्याला ठीक करायची! नात्सू एकटी आली तर तिचा स्मॅश कोणाच्या पासवर बसणार? टॅग गेम (जोडीदारासह टीमने खेळायचे) पुन्हा जोरात येत असतील, तर या शाळेला तिथे जागा हवी.

चाहत्यांनी मागणी करून काही होतं का?

होतं. एर्मॅक हे त्याचं सगळ्यात जुनं उदाहरण. पहिल्या मॉर्टल कॉम्बॅटच्या तपासणी-मेनूत "एर्मॅक्स" असा शब्द दिसायचा. तो चुका मोजणाऱ्या मॅक्रोचा संक्षेप होता. लोकांनी त्यावरून लाल निन्जाची अफवा रचली, ती वाढवली, आणि १९९५ च्या अल्टिमेट मॉर्टल कॉम्बॅट ३ मध्ये एर्मॅक खरोखर आला.

इन्ग्रिडचं उदाहरण ताजं. तिच्यासाठी आखलेला गेम, कॅपकॉम फायटिंग ऑल-स्टार्स, २००३ मध्ये रद्द झाला. मग ती २००४ च्या कॅपकॉम फायटिंग जॅममध्ये आली, नंतर स्ट्रीट फायटर अल्फा ३ च्या पीएसपी आवृत्तीत, आणि पुढे शांतता. २०२५ मध्ये स्ट्रीट फायटर ६ च्या तिसऱ्या वर्षाची यादी जाहीर झाली: सॅगॅट, सी. वायपर, ॲलेक्स आणि इन्ग्रिड. जन्माआधीच गेम गमावलेल्या कॅरेक्टरचं नाव सॅगॅटच्या शेजारी लिहिलेलं बघून मी ती यादी दोनदा वाचली.

ज्यांनी परत येऊ नये असं वाटतं, असे कोणी?

टायगर जॅक्सन. टेक्कन ३ मध्ये तो एडीचाच दुसरा पोशाख होता, आणि पोशाख म्हणून छान आहे. मॉर्टल कॉम्बॅटचा मोकॅप हा मोशन कॅप्चर करणाऱ्या नटावर बेतलेला, त्याला स्वतःचा खेळ नव्हता. शॉनबद्दल मी बराच काळ स्वतःशी भांडले. केनचा शिष्य व्हायला निघालेला तो ब्राझीलचा मुलगा मला प्रिय आहे, त्याची बहीण लॉरा स्ट्रीट फायटर ५ मध्ये येऊन गेली. पण त्याच्या मूव्ह आज कोणी ना कोणी करतं. तो आला तर पूर्ण नव्या शैलीनेच यावा.

डॉक्टर बॉस्कोनोविच मात्र जरूर यावा. पाठ धरलेला म्हातारा, नीट उभंही राहता येत नाही, जमिनीवरूनच लढतो. टेक्कन ३ मध्ये त्याला मिळवायला टेक्कन फोर्स मोड चार वेळा पूर्ण करावा लागायचा, आणि मी तो केला.

यांना आज कुठे खेळता येईल?

क्यू, ट्वेल्व्ह, रेमी आणि शॉनसाठी २०१८ चं स्ट्रीट फायटर ३०थ ॲनिव्हर्सरी कलेक्शन, त्यात थर्ड स्ट्राइक ऑनलाइन खेळता येतो. अनाकारिससाठी २०२२ चं कॅपकॉम फायटिंग कलेक्शन, त्यात डार्कस्टॉकर्सचे पाचही गेम आहेत. त्याच संग्रहात रेड अर्थ आहे, १९९६ च्या आर्केडनंतर पहिल्यांदाच घरी खेळता येण्याजोगा. प्रोजेक्ट जस्टिस २०२५ च्या दुसऱ्या कलेक्शनमध्ये. रुबी हार्ट आणि अमिंगो २०२४ च्या मार्वल व्हर्सेस कॅपकॉम संग्रहात. झाप्पासाठी गिल्टी गियर एक्सएक्स ॲक्सेंट कोअर प्लस आर घ्या, पीसीवर त्याला रोलबॅक नेटकोड (ऑनलाइन खेळातला उशीर झाकणारी पद्धत) मिळालेला आहे, त्यामुळे लांबच्या खेळाडूशीही खेळणं सुसह्य होतं. हाकानसाठी अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४.

नवख्यांनी क्यूपासून सुरुवात करावी. त्याचे कॉम्बो छोटे आहेत.

कोणी विचारतच नाही असं एक नाव सांगा.

रेत्सू. १९८७ च्या पहिल्या स्ट्रीट फायटरमध्ये जपानात लढणारा तो टकला गडी. त्याच गेममधला ईगल २००१ मध्ये कॅपकॉम व्हर्सेस एसएनके २ मध्ये दोन काठ्या फिरवत परत आला, तब्बल १४ वर्षांनी. बर्डी, ॲडन, गेन, सॅगॅट सगळ्यांना पुढे खेळाडू मिळाले. पहिल्या गेममध्ये फक्त र्‍यू आणि केन खेळायला मिळायचे, म्हणून रेत्सू कायम समोरच्या बाजूला उभा. मुख्य मालिकेच्या एकाही भागात त्याला कोणाच्या हातात दिलेलं नाही. तो लाथ कशी मारतो हे आपण पाहिलं आहे, ती मारताना बटण कसं लागतं ते अजून कोणालाच ठाऊक नाही.